कवळी सैल का होते?

नाशिकचा चिवडा समोर असतो, पण आजोबा खात नाहीत. कवळी हलते. बसवली तेव्हा घट्ट असणारी ही कवळी सैल का झाली? कवळी झिजली नाही, तिच्याखालचे हाड झिजले! चावताना दाताच्या मुळावाटे जबड्याच्या हाडाला ताण मिळतो. मूळ गेले की ताण थांबतो आणि हाड हळूहळू विरते.

उपाय योगायोगाने सापडला. १९५२ मध्ये स्वीडनचे ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची डबी नंतर निघेना; हाड तिला घट्ट जुळले होते. १९६५ मध्ये त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू माणसाच्या जबड्यात बसवले.

सगळे दात गेले तरी प्रत्येक दाताला वेगळा स्क्रू लागत नाही. एका जबड्यात चार ते सहा स्क्रूंवर दातांची पूर्ण कमान पेलते. हाड जुळायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. चावण्याचा ताण पुन्हा हाडापर्यंत पोचतो आणि झीज मंदावते. तंबाखू व अनियंत्रित मधुमेह मात्र ही जुळणी बिघडवतात.

विद्यार्थ्यांना घरी विचारायला सांगा : आजी-आजोबांनी कवळी किती वेळा बदलली? हाड जिवंत असते, हे त्या उत्तरातूनच कळेल.