टाळू शिवली, वाचेचे काय?

टाळू म्हटले की आपल्याला आधी बाळाच्या डोक्यावरची, तेल जिरवायची टाळू आठवते. आज लिहितो आहे ती तोंडाच्या आतली. काही बाळांची ही टाळू जन्मतःच मधोमध फाटलेली असते. (ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून असे होते, हा समज साफ खोटा आहे. उगीच त्या बाईला बोल लावू नये.)

ऑपरेशन कोणत्या पद्धतीने करावे, असे पालक मला विचारतात. त्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. टाळूच्या मागच्या मऊ भागात स्नायू असतात. आपण 'प', 'ब', 'क' म्हणतो तेव्हा ते टाळू उचलून नाकाची वाट बंद करतात. फाटलेल्या टाळूत हे स्नायू एकमेकांना न जुळता पुढे हाडाच्या कडेला चिकटलेले असतात. नुसती भेग बुजवली तर दूध नाकातून यायचे थांबेल. पण मूल गेंगाणे बोलेल, 'बाबा'चे 'मामा' होईल.

लांगेनबेक या जर्मन सर्जनची पद्धत १८६१ सालची. दोन्ही बाजूंचे आवरण हाडापासून सोडवून मध्ये आणून शिवायचे. काम सुटसुटीत, पण टाळूची लांबी वाढत नाही. पुढे वो, वॉर्डिल व किल्नर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आली. तीत टाळू मागे सरकवून लांब करतात. परंतु पुढे हाड उघडे राहते, तिथला व्रण आकसतो आणि मूल वाढताना वरचा जबडा खुजा राहण्याची भीती असते. अमेरिकेच्या फर्लो यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मऊ टाळूवर 'झेड' अक्षरासारखे छेद घेऊन तुकड्यांची अदलाबदल करतात. लांबी वाढते, स्नायूही जागेवर येतात. मात्र भेग फार रुंद असेल तर टाके ताणले जाऊन भोक राहू शकते. इंग्लंडच्या समरलॅड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्नायू सोडवून, मागे वळवून जोडण्यावर भर दिला.

माझ्या मते नावापेक्षा सर्जनचा हात महत्त्वाचा. त्यांना सरळ विचारा, "स्नायू कसे जोडणार?"

वेळही तितकीच महत्त्वाची. फक्त टाळू फाटलेल्या, एरवी निरोगी बाळांची एक मोठी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ९ टक्के मुलांची टाळू पाचव्या वर्षी नीट काम करत नव्हती. बाराव्या महिन्यात झालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. आपल्याकडे बाळाचे वजन, हिमोग्लोबिन आणि लहान बाळाला भूल देण्याची सोय पाहून बहुधा नऊ महिन्यांनंतर, दीड वर्षाच्या आत करतात. "थोडा मोठा होऊ द्या" म्हणत शाळेची वाट पाहू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष समाविष्ट आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. शस्त्रक्रियेनंतर कानही तपासून घ्यावेत. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते, आणि जे नीट ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसे?