बालकांचे घामोळे आणि पूर्व विदर्भाचा उन्हाळा

राज्याच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे जसे वनसंपत्तीसाठी, तसेच उन्हाळ्याच्या तीव्रतेसाठी ओळखले जातात. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी येथील पारा मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे ही येथील रहिवाशांना नवलाची गोष्ट वाटत नाही. या दिवसांत अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात येणाऱ्या मातांची एक तक्रार हमखास ऐकू येते. बाळाच्या मानेवर, पाठीवर, काखेत बारीक लाल पुरळ उठले आहे, ते रात्रभर किरकिरते, दूध नीट घेत नाही. हे घामोळे होय. आजार म्हणून तो अगदी किरकोळ आणि बहुधा आपोआप बरा होणारा आहे. मात्र त्यावर घरोघरी जे उपाय केले जातात त्यांतील काही त्याला वाढवितात. आणि घामोळे समजून ज्याकडे दुर्लक्ष होते, ते क्वचित बाळाच्या जिवावर बेतणारे दुखणे असते. म्हणून या साध्या विषयाची नीट माहिती गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला असणे आवश्यक आहे.

घाम कोंडतो कसा?

त्वचेतील घर्मग्रंथीत तयार झालेला घाम एका अतिसूक्ष्म नळीवाटे पृष्ठभागावर येतो. तेथे त्याचे बाष्पीभवन होते आणि शरीर थंड राहते. या नळीचे तोंड बंद झाले, की घाम त्वचेतच साचतो. जन्मलेल्या बाळाच्या या नलिका पुरत्या विकसित झालेल्या नसतात, त्यामुळे त्या सहज तुंबतात. घाम अगदी वरच्या थरात साचला, तर पाण्याच्या थेंबासारखे स्वच्छ, नाजूक फोड दिसतात. ते हात लागताच फुटतात. त्यांना लाली नसते आणि खाजही नसते. पहिल्या एकदोन आठवड्यांच्या अर्भकांत हा प्रकार आढळतो. घाम त्याहून खोल थरात साचला, तर सभोवतालची त्वचा सुजते व लाल टोकदार पुरळ उठते. खाजणारे, टोचणारे घामोळे ते हेच. वैद्यकात या विकाराला ‘मिलियारिया’ असे नाव असून ते राळ्यासारख्या बारीक धान्याच्या लॅटिन नावावरून आले आहे. दाण्याएवढे पुरळ पाहणाऱ्याला हे नाव समर्पक वाटल्यावाचून राहत नाही.

मानेच्या वळ्या, काखा, जांघा, कपाळ, डोक्याचा मागील भाग आणि अंथरुणाला टेकलेली पाठ या घामोळ्याच्या नेहमीच्या जागा आहेत. जेथे हवा पोचत नाही आणि त्वचेला त्वचा किंवा कापड घासते, तेथेच ते उठते.

कोरड्या हवेतील दमट बाळ

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. घामोळे हा खरे तर दमट हवेचा विकार. मे महिन्यातील चंद्रपूरची हवा तर इतकी कोरडी असते, की वाळत घातलेले लुगडे पाहता पाहता वाळते. मग तेथील बाळांना घामोळे का यावे? याचे उत्तर बाळाच्या भोवती गुंडाळलेल्या कपड्यांत सापडते. अंगात झबले, डोक्यावर कुंची, वरून दुपट्याची घट्ट गुंडाळी आणि खाली प्लास्टिकचा कापड, अशा बाळाभोवती बाहेरच्या कोरड्या उन्हाचा मागमूसही नसतो. तेथे घामाने ओली झालेली, कोंडलेली हवा असते. थोडक्यात, घरातील मोठी माणसे उन्हाळ्यात राहतात आणि बाळ मात्र पावसाळ्यात राहते!

झोळीचेही असेच आहे. जुन्या सुती लुगड्याची झोळी हवा खेळू देते. अलीकडे तिची जागा कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतली आहे. हे कापड घाम शोषत नाही, आणि माश्या बसू नयेत म्हणून झोळीचे तोंड वरून मिटले, की आतील उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. बाळंतिणीच्या खोलीत खिडकी बंद ठेवणे, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणे, ओवा व बाळंतशेपांची धुरी देणे हे प्रघात थंडीच्या दिवसांत समजण्यासारखे आहेत. वैशाखात त्यांचे प्रयोजन उरत नाही. धुराचा त्रास बाळाच्या श्वासाला होतो, तो वेगळाच.

कूलर असलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कूलर हवेत बाष्प मिसळून ती थंड करतो. समोरची खिडकी वा दार उघडे नसेल, तर खोलीतील दमटपणा वाढत जातो व घाम सुकेनासा होतो. मृगाच्या सरी पडून गेल्यावर तर कूलर फारसा उपयोगी पडत नाही. रोवणीच्या आधीच्या त्या उकाड्यात घामोळ्याचा जोर वाढतो, तो यामुळेच.

ऊब आणि उष्मा

आरोग्य कार्यकर्त्यांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक मुद्दा येथेच आहे. बाळाला ऊब द्या, गुंडाळून ठेवा, हे त्यांनी गावोगावी शिकविले आणि ते योग्यच होते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरपोच नवजात बालसेवेचा प्रयोग केला. तेथे १९९५-९६ मध्ये केलेल्या पाहणीत जन्मलेल्या बाळांपैकी सुमारे ४२ टक्के बाळे कमी वजनाची आढळली. अशी बाळे लवकर गार पडतात. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत बाळाचे तापमान मोजणे, ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे व जंतुसंसर्गावर वेळेवर औषध देणे, असे या सेवेचे स्वरूप होते. ही सेवा न मिळालेल्या ४७ गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांची घट झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धत देशभर स्वीकारण्यात आली.

परंतु डिसेंबरातील सूचना मे महिन्यात जशीच्या तशी पाळली गेली, तर तिचा हेतूच उलटतो. बाळाला जपायचे असते ते थंडीपासून आणि उष्म्यापासूनही. काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस या मर्यादेत असावे, हे दोन्ही ऋतूंना लागू आहे. आशा कार्यकर्तीच्या पिशवीत तापमापी असतेच. तिचा उपयोग बाळ गार पडले का हे पाहण्यासाठी जेवढा, तेवढाच ते तापले का हे पाहण्यासाठीही करावयाचा आहे. तापमापी जवळ नसेल तेव्हा मातेने पोट, तळवे व मानेचा मागील भाग हाताने चाचपावा. तळवे गार असतील तर बाळाला ऊब हवी. मान घामाने ओली, पोट नेहमीपेक्षा गरम आणि चेहरा लालसर असेल, तर कपडे कमी करावयास हवेत. घाम दिसत नाही म्हणजे बाळाला उकडत नाही, असे मात्र समजू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सुरुवातीच्या दिवसांत घाम येतच नाही, आणि म्हणून त्याचे शरीर इतरांपेक्षा लवकर तापू शकते.

उपचार कोणता?

घामोळ्याचा उपचार म्हणजे त्वचेला हवा मिळवून देणे. बाळाला घरातील सर्वांत गार जागी, बहुधा मातीच्या भिंतीच्या व कवेलूच्या छपराच्या खोलीत, आणावे. अंगावर एकच सैल, सुती, वापरून मऊ झालेले वस्त्र ठेवावे किंवा काही काळ तेही काढून टाकावे. साध्या गार पाण्याने अंग पुसावे अथवा अंघोळ घालावी. बर्फाचे किंवा माठातील फार थंड पाणी घेऊ नये. कमी वजनाच्या नवजात बाळाला अंघोळ न घालता ओल्या कापडाने पुसून घेणेच बरे. नंतर मानेच्या व जांघेच्या वळ्या न घासता, कापड हलकेच टेकवून कोरड्या कराव्यात. बांबूच्या हातपंख्याने वारा घालावा. बाहेर झळा वाहत असताना पंखा तापलेली हवाच फेकतो, हे ओळखून दारा-खिडकीला ओले कापड बांधणे हितावह ठरते. बाळाची नखे कापलेली असावीत. एवढे केले, तर साधे घामोळे बहुधा दोनचार दिवसांत मावळते.

तेलाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जवसाचे, तिळाचे किंवा मोहाच्या बियांचे तेल चोळण्याची पद्धत या भागात जुनी आहे, आणि थंडीत कोरड्या त्वचेला हलक्या हाताने लावलेल्या तेलाबद्दल कोणाची तक्रार नाही. मात्र घामोळ्यावर लावलेले तेल आधीच तुंबलेली तोंडे अधिकच बंद करते. पावडरीचेही तसेच. घामात भिजून तिचा लगदा वळ्यांत बसतो, आणि तिची बारीक भुकटी श्वासावाटे बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकते. बोरिक पावडर तर तान्ह्या बाळाला विषारी आहे. चंदनाचा किंवा मुलतानी मातीचा लेप वाळल्यावर त्वचेवर कवच बनते. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेले पाणी मोठ्या मुलांना वापरण्यास हरकत नसावी, तथापि गुण येतो तो बहुतांशी पाण्याचा. खाज फार असल्यास कॅलामाइन लोशन डॉक्टरांच्या सल्ल्याने लावता येते. औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली मिश्र मलमे मात्र कटाक्षाने टाळावीत. त्यांतील अनेकांत तीव्र स्टेरॉइड असते व बाळाच्या पातळ त्वचेतून ते शरीरात शोषले जाते.

उन्हाळ्यात बाळाला तहान लागत असेल या समजुतीने पाणी, गूळपाणी वा घुटी देण्याचा मोह अनेक घरांत होतो. सहा महिन्यांपर्यंत याची गरज नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. दूध अधिक वेळा पाजावे आणि मातेने स्वतः भरपूर पाणी प्यावे. वरचे पाणी हगवणीला वाट करून देते. बाळाला दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर त्याला दूध पुरते आहे असे समजावे.

घामोळे नव्हे ते

घामोळ्याच्या पुरळात पू दिसू लागला, म्हणजे प्रश्न बदलतो. दोन महिन्यांखालील बाळाच्या अंगावर दहा किंवा अधिक पुवाचे फोड अथवा एक मोठे गळू असणे हे गंभीर जंतुसंसर्गाचे लक्षण म्हणून आरोग्य कार्यकर्त्यांना शिकविले जाते. त्यासोबत, किंवा पुरळ नसतानाही, बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, झटके आले, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा अंग गार पडले, तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये. काखेतील तापमान ३७.५ अंश किंवा त्याहून अधिक असेल आणि बाळ एरवी ठीक दूध पीत असेल, तर कपडे काढून, गार जागी ठेवून, दूध पाजून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. ते उतरले नाही, तर हा खोलीतील उष्मा नसून आजार आहे असे धरून चालावे आणि बाळाला रुग्णालयात न्यावे. १०२ किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठीच आहे. एक वर्षाखालील आजारी बालकांना शासकीय रुग्णालयात उपचार आणि ने-आण विनामूल्य मिळते, ही गोष्ट दुर्गम पाड्यांतील कुटुंबांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

हातापायांच्या तळव्यांवर पुरळ व घरातील इतरांनाही खाज, ही खरजेची खूण होय. ताप, खोकला, लाल डोळे आणि चेहऱ्यावरून खाली पसरणारे पुरळ असेल, तर गोवराची शंका घ्यावी. ‘माता आली’ म्हणून घरातच थांबून राहणे बाळाला महाग पडू शकते.

गावाच्या हातात

मातेने कितीही काळजी घेतली, तरी टिनाच्या छपराखाली दुपारी दोन वाजता बाळाला गार ठेवणे तिच्या आवाक्यातले नसते. छपराचा प्रभाव किती असतो, याचे एक बोलके उदाहरण अहमदाबादचे आहे. तेथील एका महापालिका रुग्णालयातील प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की पारा ४२ अंशांवर गेल्यानंतर प्रत्येक अंशामागे उष्म्यामुळे अतिदक्षता कक्षात येणाऱ्या नवजात बाळांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढत होती. कक्ष खालच्या मजल्यावर हलविल्यावर हे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटले. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही, खाटा तेवढ्या हलविल्या गेल्या. अंगणवाडीच्या छपराला पांढरा चुना देणे, त्यावर गवताचे किंवा पऱ्हाटीचे आच्छादन टाकणे, पश्चिमेकडील भिंतीला मांडव घालणे ही कामे ग्रामपंचायत एप्रिलपूर्वी सहज करू शकते. उन्हाळ्यात बाळंत होणाऱ्या मातांची यादी आशा कार्यकर्तीकडे असते. त्यांपैकी टिनाच्या घरात कोण राहते, एवढी नोंद तिच्यात वाढविली, तर गृहभेटी कोठे अधिक लागतील हे आधीच कळते.

तेंदूपत्त्याच्या हंगामाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. मे महिन्यातील हे काम अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या रोख उत्पन्नाचा मोठा आधार असल्याने तान्ह्या बाळाची आईही पहाटेच जंगलात जाते. बाळ एकतर तिच्या पाठीशी बांधलेले असते किंवा आजीजवळ उपाशी असते. गडचिरोलीत अनेक ग्रामसभा आता पेसा व वनहक्क कायद्यांच्या आधारे तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, जांभळीच्या डहाळ्यांचा एक मांडव, पाण्याचे माठ आणि बाळांकडे पाहणारी एक स्त्री एवढी व्यवस्था ठरावात लिहून घेणे त्यांच्या अधिकारातील गोष्ट आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर आलेल्या स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी व सावलीची सोय असावी, अशी तरतूद करण्यात आली होती. तोच हिशेब फळीला लावता येईल. त्या स्त्रीची मजुरी किती व कोणत्या रकमेतून द्यावयाची, हे हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत ठरलेले असावे. पाने यायला लागल्यावर त्यासाठी कोणालाही सवड मिळत नाही.