न जुळणारा दाणा

आमच्या बँकेतले जुने हेडक्लार्क सांगायचे, "ताळा जुळला नाही की आधी फरकाला नवाने भागून बघा." पूर्ण भाग गेला, तर बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ च्या जागी कुणीतरी ४५ लिहिलेले असतात. ही युक्ती मला पुढे भलत्याच ठिकाणी आठवली, मक्याच्या कणसाच्या गोष्टीत.

गोष्ट बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन बाईंची. जन्म १९०२ चा, हार्टफर्ड शहरातला. मुलगी कॉलेजात गेली तर तिचं लग्न जमायचं नाही, ही त्यांच्या आईची काळजी अगदी आपल्याकडची वाटावी अशी. वडिलांनी बाजू घेतली आणि बाई कॉर्नेल विद्यापीठात गेल्या. १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळाली. मक्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकेक करून ओळखायला बाई शिकल्या. १९३१ मध्ये हॅरिएट क्रायटन यांच्याबरोबर त्यांनी दाखवून दिलं, की जोडीतली गुणसूत्रं खरोखरच आपापल्या तुकड्यांची देवाणघेवाण करतात.

१९४१ पासून न्यूयॉर्कजवळचं कोल्ड स्प्रिंग हार्बर हेच त्यांचं कामाचं ठिकाण झालं. मका स्वतः पेरायचा, कणसाच्या केसांवर कागदी पिशव्या बांधायच्या, तुऱ्यातले पराग हाताने घालायचे आणि कणीस तयार झालं की दाणा न् दाणा बघायचा. पावसाळ्यात लिंबू-मीठ चोळलेलं कणीस खाताना आपण एखाद्या वेगळ्या रंगाच्या दाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. बाई नेमक्या त्याच दाण्यापाशी थांबायच्या.

काही दाणे फिकट, पण त्यांवर जांभळे ठिपके. असं का? जनुकं म्हणजे माळेत ओवलेले मणी, आपली जागा न सोडणारे, अशी तेव्हाची समजूत. बाईंना दिसलं ते निराळंच. गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जागा सोडून रंगाच्या जनुकात जाऊन बसतो आणि रंग बंद पडतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो पुन्हा उठून गेला, की त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी जांभळ्या. लवकर उठला तर ठिपका मोठा, उशिरा उठला तर बारीक. म्हणजे निसर्गाच्या खातेवहीतही नोंदींची अदलाबदल होते!

१९५१ च्या परिसंवादात त्यांनी हे मांडलं. फारसं कुणाला कळलं नाही, आणि कळलं त्यांनाही ते मक्यापुरतंच वाटलं. १९५३ नंतर बाईंनी या विषयावर मोठ्या नियतकालिकांत लिहिणं जवळजवळ थांबवलं. काम मात्र सोडलं नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस असेच फिरते तुकडे जिवाणूंत सापडले आणि मग जग मागे वळून पाहू लागलं. १९८३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकटीला मिळालं, वयाच्या ८१ व्या वर्षी. १९९२ मध्ये त्या गेल्या. २००९ मध्ये मक्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ८५ टक्के भाग अशाच फिरत्या तुकड्यांचा निघाला. आपल्या माणसांच्या जनुकीय आराखड्यातही तो जवळजवळ निम्मा आहे.

हे वाचताना मला माझी एक चूक आठवते. तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी असताना बचत खात्यांच्या ताळ्यात नव्वद रुपयांचा फरक आला. नव्यानेच लागलेली एक कारकून मुलगी म्हणाली, "साहेब, नवाने भाग जातोय. कुठेतरी अदलाबदल आहे. मी शोधते." दिवेलागण झाली होती, मला घरी जायचं होतं. मी म्हणालो, "सस्पेन्स खात्यात टाका आणि निघा."

सहा महिन्यांनी एक आजी पासबुक घेऊन आल्या. जुन्या पानावरून नव्या पानावर शिल्लक ओढताना त्यांचे ५४० रुपये ४५० झाले होते. नव्वद रुपये त्यांच्यासाठी थोडे नव्हते.

पैसे लगेच जमा केले, आजींची माफी मागितली. त्या मुलीची तोवर बदली झाली होती. "तुमचं बरोबर होतं," एवढं एक पत्र तिला टाकणं मला जमलं असतं. ते मी टाकलं नाही. मॅक्लिंटॉकबाईंना निदान ८१ व्या वर्षी तरी कुणीतरी तसं म्हटलं.