विश्लेषण : सोनचाफा जोमाने वाढतो, पण फुलत का नाही?

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांमध्ये सोनचाफ्याला मागणी वाढते. हौसेने आणलेले रोप दोन-तीन वर्षांत पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकते, पाने तुकतुकीत असतात, फूल मात्र एकही नाही. मग खते बदलली जातात, फांद्या छाटल्या जातात. वास्तविक दोष बहुधा निगराणीत नसतो, खरेदीत असतो.

सोनचाफा म्हणजेच मॅग्नोलिया?

होय. पूर्वी ‘मायकेलिया चंपका’ म्हणून ओळखला जाणारा सोनचाफा आता ‘मॅग्नोलिया चंपका’ या नावाने नोंदवला जातो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मॅन्योल (१६३८-१७१५) यांच्यावरून हे नाव पडले. कवठी चाफाही याच गोतावळ्यातला. देवळाजवळ दिसणारा पांढरा चाफा मात्र नावापुरता चाफा. त्याचे कूळ वेगळे आणि मूळ अमेरिका खंडातले. मोबाइलवर निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुले दिसतात, ती थंड हवेतली मॅग्नोलिया. तिला कडक हिवाळा लागतो, त्यामुळे मुंबई-पुण्यात तिच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

रोप की कलम?

खरा प्रश्न हाच आहे. बियांपासून केलेल्या रोपाला फुलायला सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. फुलणाऱ्या झाडाच्या फांदीचे कलम बांधले असेल, तर वर्ष-दोन वर्षांत कळ्या दिसतात. सिंधुदुर्गातील ‘वेलणकर’सारख्या जाती कलमानेच वाढवल्या जातात. नुसत्या ‘कलमी आहे’ या शब्दावर विसंबू नये. मातीपासून वीतभर उंचीपर्यंत खोड नीट पाहावे. कलमाचा सांधा फुगीर किंवा किंचित तिरका दिसतो, त्याच्या वर-खाली सालीचा रंग वेगळा असतो, अनेकदा पट्टीची खूण राहते. गुडघाभर रोपावर कळी असेल तर उत्तम.

कलम आणूनही फसगत होते, ती अशी : सांध्याखालून खुंटाला धुमारे फुटतात. ते जोमदार असतात, म्हणून घरची मंडळी खूश होतात. पण ते वरच्या कलमाचा जीव खातात. काही दिवसांनी कलम वाळते, खुंट झाड होऊन बसतो. सांध्याखालची प्रत्येक फूट दिसताक्षणी खुडून टाकायला हवी.

रोप बियांचेच निघाले तर? अंगण मोठे असेल तर वाट पाहावी, पण सोनचाफा ३० मीटरपर्यंतही जाऊ शकतो, त्यामुळे भिंतीलगत तो नको. वारंवार शेंडे छाटून फूल लवकर येत नाही. झाड नुसती नवी फूट काढत राहते. जागा कमी असेल तर जाणकार माळ्याकडून त्यावरच कलम बांधून घेणे शहाणपणाचे.

माती, पाणी आणि कुंडी

चाफ्याची मुळे मांसल असतात. ती दुखावलेली आणि पाण्यात बुडालेली त्याला चालत नाहीत. लावताना पिशवी कापावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये आणि कलमाचा सांधा मातीवर राहील हे पाहावे. कुंडी किमान दीड फुटाची, तळाला भोके असलेली हवी. निदान पाच-सहा तास ऊन मिळत नसेल, तर बाल्कनीत चाफ्याचा हट्ट धरू नये.

कोकणातली तांबडी, किंचित आम्लधर्मी माती त्याला मानवते. देशावर चुनखडीच्या जमिनीत नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. अशा वेळी पाणी वाढवून उपयोग नाही. शेणखत, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि गरजेनुसार लोहयुक्त सूक्ष्मअन्नद्रव्याची फवारणी करावी. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानांची मागची बाजू तपासावी. तिथे खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण सापडतो. ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाचे तेल फवारले तर सुरुवातीला तेवढे पुरते.

फुले पहाटे, पाकळ्या नुकत्या सुटत असताना काढावीत. झाडावर राहिलेल्या फुलांची फळे धरतात आणि लहान कलमाची ताकद बियांत जाते, म्हणून पहिली काही वर्षे असे घोस वेळीच काढून टाकावेत. मोठा बहर ओसरल्यावर शेंड्यांची हलकी छाटणी केली की पुढच्या कळ्या हाताला येतील अशा उंचीवर धरतात.