चार्जरची भागीदारी आणि भागधारकाचा हिशेब

२५ मे २०२३ रोजी फोर्ड कंपनीचे मुख्याधिकारी जिम फार्ली आणि टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी ट्विटरवरील एका जाहीर संभाषणात सांगितले, की येत्या वर्षारंभापासून फोर्डच्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांना अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांतील टेस्लाच्या बारा हजारांहून अधिक सुपरचार्जरांवर वीज भरून घेता येईल, आणि २०२५ पासून निघणाऱ्या नव्या गाड्यांना तर टेस्लाच्याच प्लगचे तोंड बसवले जाईल. या घोषणेला दोन आठवडे झाले आणि ८ जूनला जनरल मोटर्सच्या मेरी बारा यांनीही तसाच करार जाहीर केला. मग रिव्हियन, व्होल्वो, मर्सिडीज-बेंझ, निस्सान, होंडा, ह्युंदाई, बीएमडब्ल्यू, टोयोटा अशी रांगच लागली आणि वर्षअखेरीस फोक्सवॅगनही तिच्यात येऊन उभी राहिली. अवघ्या सात महिन्यांत एका कंपनीचा खाजगी प्लग एका खंडाचा सार्वजनिक प्लग झाला. यंत्रोद्योगाच्या इतिहासात अशी घटना वारंवार घडत नाही.

शेअर बाजाराने या घटनेचा अर्थ तत्काळ आणि मोठ्या उत्साहाने लावला. फोर्डच्या घोषणेच्या दिवसापासून १३ जूनपर्यंत टेस्लाचा शेअर लागोपाठ तेरा सत्रे चढत राहिला, आणि १८३ डॉलरांच्या आसपास असलेला भाव २५८ डॉलरांच्या पुढे गेला. उलट केवळ चार्जिंगचा व्यवसाय करणाऱ्या चार्जपॉइंट, ईव्हीगो या कंपन्यांचे भाव जनरल मोटर्सच्या करारानंतर धाडकन कोसळले. या चढउतारांतून काही समजुती रूढ झाल्या आणि त्या अद्याप हटलेल्या नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरांपर्यंत रक्कम परदेशी पाठवण्याची मुभा असल्यामुळे आता मुंबई-पुण्यातील अनेक मध्यमवर्गीय घरांतूनही अमेरिकन शेअर घेतले जातात, आणि त्या घरांतील कष्टाचा पैसा अशा ऐकीव समजुतींवर गुंतवला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत दृढ समजूत अशी, की टेस्लाचा प्लग सर्वांनी स्वीकारला म्हणजे आता प्रत्येक गाडीमागे टेस्लाला ठरावीक जकात मिळत राहणार. वस्तुस्थिती तशी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्येच टेस्लाने आपल्या प्लगचा आराखडा ‘नॉर्थ अमेरिकन चार्जिंग स्टँडर्ड’ या नावाने जाहीर करून इतर उत्पादकांना तो वापरण्याचे आवाहन केले होते, आणि जून २०२३ मध्ये ‘एसएई इंटरनॅशनल’ या अभियंत्यांच्या प्रमाणन संस्थेने तो आपल्या अखत्यारीत घेऊन पुढे ‘जे-३४००’ या क्रमांकाने प्रमाणित केला. प्लगच्या आकाराचा इजारा अशा रीतीने टेस्लाने स्वतःच सोडून दिला. तिच्या हाती शिल्लक राहिली ती स्वतःच्या खांबांवरून होणारी विजेची विक्री.

हा प्लग इतरांना का हवासा वाटला, हे तो हातात घेताच कळते. अमेरिकेत तोवर प्रचलित असलेल्या ‘सीसीएस’ पद्धतीच्या गाडीच्या तोंडात सात संपर्क असत: वर पाच संपर्कांचे गोल तोंड मंदगती चार्जिंगसाठी आणि त्याखाली जोडलेले दोन जाडजूड संपर्क शीघ्रगतीसाठी. टेस्लाच्या तोंडात एकूण पाचच संपर्क आहेत, कारण तेच दोन मोठे संपर्क घरची मंद वीजही वाहतात आणि महामार्गावरची तीव्र वीजही. परिणामी प्लग लहान आणि हलका होतो, आणि एका हाताने सहज बसतो. तथापि इतर कंपन्यांना खरा मोह पडला तो या सुबकपणाचा नव्हे. २०१२ पासून टेस्लाने महामार्गांवर उभारलेले सुपरचार्जर बहुतांशी चालू स्थितीत सापडत आणि इतरांचे खांब अनेकदा बंद सापडत, हे अमेरिकेतील प्रत्येक विद्युत् वाहनचालकाला अनुभवाने ठाऊक झाले होते. गाडी चांगली असूनही वाटेत वीज मिळेल की नाही या भीतीने गिऱ्हाईक परत जाते, हे फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या विक्रेत्यांना रोज दिसत होते.

टेस्लाने औदार्याने दरवाजे उघडले असेही कोणी म्हणतात, आणि नाइलाजाने उघडले असेही कोणी म्हणतात. मला दोन्ही विधाने अपुरी वाटतात. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने चार्जिंगसाठी साडेसात अब्ज डॉलरांची तरतूद केली होती. त्यासंबंधीचे नियम फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा अनुदान घ्यायचे तर खांबावर इतर कंपन्यांच्या गाड्यांची सोय असलीच पाहिजे, अशी अट त्यांत होती. त्याच सुमारास टेस्लाने २०२४ अखेर किमान साडेसात हजार खांब सर्वांना खुले करण्याचे सरकारकडे कबूल केले. युरोपात तर हा प्रश्न कायद्यानेच आधी सोडवला होता. तेथे सर्वांना एकच प्लग बंधनकारक असल्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्समधील दहा केंद्रांपासून टेस्लाने परक्या गाड्यांना प्रवेश देण्यास प्रारंभ केला होता. २०२३ च्या करारांचा पाया त्या अनुभवाने आणि या अनुदानाने आधीच घातला होता.

आता मुख्य प्रश्न उत्पन्नाचा. पायपर सँडलर या दलाली पेढीने त्या जून महिन्यात असा अंदाज वर्तवला, की परक्या गाड्यांच्या चार्जिंगमधून टेस्लाला २०३० मध्ये तीन अब्ज आणि २०३२ मध्ये सुमारे ५.४ अब्ज डॉलर मिळतील. हा आकडा ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो नफा समजला, वस्तुतः तो विक्रीचा आकडा होता. टेस्लाचे २०२३ चे एकूण उत्पन्न सुमारे ९६.८ अब्ज डॉलर होते आणि सशुल्क चार्जिंग ज्या ‘सेवा व इतर’ या सदराखाली जमा होते, त्या सदराची बेरीज ८.३ अब्ज होती. त्याच सदरात जुन्या गाड्यांची विक्री, दुरुस्ती, सुटे भाग आणि विमा यांचीही रक्कम येते, आणि एवढ्या सगळ्यातून खर्च वजा जाता ढोबळ नफा उरला तो जेमतेम अर्ध्या अब्जाचा. ज्या तेरा सत्रांत कंपनीचे बाजारमूल्य चाळीस टक्क्यांनी फुगले, त्या फुगवट्याला या ताळेबंदात आधार सापडत नाही. शिवाय सुपरचार्जर हे नफ्याचे साधन कधीही होणार नाही, असे टेस्लानेच २०१६ मध्ये जाहीर केले होते.

विजेची विक्री इतकी बेताची का ठरते, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण गुंतवणूकदाराचा सारा विवेक येथेच पणाला लागतो. अमेरिकेतील अनेक वीज कंपन्या व्यापारी गिऱ्हाइकाला वापरलेल्या युनिटांचे बिल लावतातच. त्याखेरीज त्या महिन्यात कोणत्याही एका पंधरा मिनिटांत त्याने जास्तीत जास्त किती वीज ओढली, त्यावरही स्वतंत्र आकार लावतात. एखाद्या आडवाटेच्या गावाजवळ आठ खांबांचे केंद्र आहे असे समजा. एरवी दिवसभरात तेथे दोन-चार गाड्या येतात. परंतु सुटीच्या दुपारी आठही खांबांवर एकदम गाड्या लागल्या, तर त्या पंधरा मिनिटांचा आकार संपूर्ण महिन्याच्या बिलावर बसतो, मग उरलेले एकोणतीस दिवस खांब रिकामे का असेनात. म्हणून या धंद्यात खांबांची संख्या मोजून काही हाती लागत नाही, प्रत्येक खांब दिवसाचे किती तास राबतो ते पाहावे लागते. परक्या गाड्यांना प्रवेश देण्याचा खरा आर्थिक लाभ हाच आहे, की जमीन, रोहित्र आणि जोडणी यांवर आधीच झालेला खर्च अधिक गिऱ्हाइकांवर विभागला जातो. परक्या गाडीला टेस्लापेक्षा चढा दर द्यावा लागतो, किंवा महिन्याला १२.९९ डॉलर वर्गणी भरून तो कमी करून घ्यावा लागतो, ही त्यावरची आणखी थोडी मिळकत.

करार झाला म्हणजे सर्व खांब सर्वांना सारखेच खुले झाले, असेही मानले जाते. प्रत्यक्षात सुपरचार्जरांच्या दुसऱ्या पिढीचे जुने खांब परक्या गाड्यांशी संभाषणच करू शकत नाहीत, त्यामुळे ते या करारांच्या बाहेर राहिले. तिसऱ्या पिढीचे खांब मोठ्या संख्येने आहेत, पण ते सुमारे पाचशे व्होल्टांपर्यंतच वीज देतात. ह्युंदाईच्या आयोनिक ५ या गाडीची बॅटरी मात्र आठशे व्होल्टांच्या वर्गातली. ह्युंदाईच्याच माहितीनुसार २०२५ च्या आयोनिक ५ ला टेस्लाच्या तिसऱ्या पिढीच्या खांबावर दहा टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांवर जाण्यास तीस मिनिटे लागतात, तर ॲडॉप्टर लावून ३५० किलोवॅटच्या ‘सीसीएस’ खांबावर तेच काम वीस मिनिटांत होते. गाडीला जन्मजात टेस्लाचे तोंड असूनही तिला परक्या खांबावर लवकर वीज मिळते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

केबलच्या लांबीचीही अशीच कथा आहे. टेस्लाच्या गाडीचे प्लगचे तोंड डाव्या बाजूला मागच्या दिव्याजवळ असते, आणि गाडी उलटी लावली की तेथवर पोहोचेल एवढीच केबल त्या खांबांना दिलेली होती. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग ट्रकचे तोंड डाव्या बाजूला, पण पुढच्या चाकाजवळ आहे. त्यामुळे चालक ट्रक नाकाने आत घालतो, केबल पुरत नाही असे दिसते, मग तो शेजारच्या जागेत सरकतो किंवा दोन जागांच्या मधोमध आडवा उभा राहतो. एका गाडीने दोन खांब अडवले की जेवढी वीज विकली जाते, तेवढीच विकायची थांबते. चौथ्या पिढीच्या खांबांना लांब केबल देण्याचे कारण हेच.

या भागीदारीत फोर्ड आणि जनरल मोटर्स हरले, हा निष्कर्षही मला मान्य नाही. चार्जिंगसाठी राखून ठेवलेल्या ७५ कोटी डॉलरांपैकी चाळीस कोटींपर्यंत रक्कम या करारामुळे वाचेल, असे मेरी बारा यांनी सांगितले होते. प्रतिस्पर्ध्याचे तयार रस्ते वापरून स्वतःचे भांडवल वाचवणे ही शहाणपणाची तजवीज आहे. तथापि ती बचत म्हणजे तारण नव्हे. फोर्डच्या विद्युत् वाहन विभागाला एकट्या २०२३ मध्ये ४.७ अब्ज डॉलरांचा तोटा झाला, आणि गाडी विकून जेथे तोटा होतो तेथे चार्जर मिळाल्याने हिशेब उलटत नाही. करार आणि अंमल यांतील अंतरही मोठे निघाले. फोर्डच्या गाड्यांना प्रवेश मिळाला तो २९ फेब्रुवारी २०२४ रोजी, तर जनरल मोटर्सच्या गाड्यांना त्यासाठी सप्टेंबर २०२४ उजाडावा लागला, आणि तोही २२५ डॉलरांचा ॲडॉप्टर विकत घेऊन.

परावलंबनाची किंमत काय असते, हे ३० एप्रिल २०२४ रोजी दिसले. त्या दिवशी मस्क यांनी सुपरचार्जर विभागातील जवळजवळ पाचशे माणसांना, विभागप्रमुख रेबेका टिनूची यांच्यासह, कामावरून दूर केले. पुढे त्यांतील काहींना परत बोलावण्यात आले, आणि त्या वर्षी विस्तारावर पन्नास कोटी डॉलरांहून अधिक खर्च करू असे मस्क यांनी १० मे रोजी जाहीर केले. तरीही ज्या कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांचा प्रवास दुसऱ्याच्या खांबांवर सोपवला होता, त्यांना एका माणसाच्या एका सकाळच्या निर्णयाने सारे कसे डळमळू शकते याचा प्रत्यय आला. बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा, ह्युंदाई, किया, मर्सिडीज-बेंझ आणि स्टेलांटिस या सात कंपन्यांनी टेस्लाशी करार करत असतानाच जुलै २०२३ मध्ये तीस हजार खांबांच्या स्वतंत्र संयुक्त उपक्रमाची घोषणा का केली, याचेही उत्तर त्यात आहे. पुढे ‘आयोना’ या नावाने उभ्या राहिलेल्या या उपक्रमात नंतर टोयोटाही आली.

शेअरचा भाव भागीदारांच्या संख्येबरोबर वाढत जातो, या समजुतीला तर त्याच वर्षाने उत्तर दिले. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाशी करार केलेल्या कंपन्यांची यादी आदल्या जूनपेक्षा कितीतरी लांब होती, आणि शेअर मात्र दीडशे डॉलरांच्याही खाली उतरला होता. त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत टेस्लाने ३,८६,८१० गाड्या गिऱ्हाइकांच्या हवाली केल्या, आदल्या वर्षी याच तिमाहीत ४,२२,८७५ केल्या होत्या. बाजार गाड्या मोजत होता.

उरला प्रश्न स्वतंत्र चार्जिंग कंपन्यांचा. त्यांचा अंत झाला असे जून २०२३ मध्ये सर्रास बोलले गेले. या कंपन्यांना एकाच मापाने मोजणे हीच चूक आहे. चार्जपॉइंट प्रामुख्याने यंत्रे आणि त्यांची संगणकीय सेवा विकते, खांब दुसऱ्याच्या मालकीचा असतो. उलट ईव्हीगो स्वतः खांब उभारून वीज विकते. पहिलीचे भवितव्य दुकानदार, कचेऱ्या आणि घरमालक नवे खांब घेतात की नाही यावर अवलंबून आहे, तर दुसरीला प्लग बदलण्यापलीकडे धास्ती बाळगण्याचे कारण नाही. टेस्लाचे तोंड असलेली गाडी आता तिच्याही खांबावर येऊ शकते, म्हणजे जे गिऱ्हाईक पूर्वी टेस्लाच्या कुंपणात बंदिस्त होते ते तिच्यासाठीही मोकळे झाले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ईव्हीगोला सव्वा अब्ज डॉलरांच्या कर्जाची हमी दिली.

आपल्याकडे प्लगच्या आकाराचा हा तंटा नाही, कारण भारतातील चारचाकींनी आता बहुतांशी ‘सीसीएस-२’ हा युरोपीय प्लग स्वीकारला आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ऑगस्ट २०२५ मध्ये टेस्लाने २५० किलोवॅटचे चार सुपरचार्जर उभारले आणि दर युनिटला २४ रुपये ठेवला, तेव्हा तिच्यापुढचा प्रश्न तोच होता, जो अमेरिकेतील आडवाटेच्या आठ खांबांपुढे आहे. अशा कंपनीचा शेअर घेण्यापूर्वी तिच्या तिमाही पत्रकात मी एकच ओळ शोधतो. टेस्लाच्या पत्रकात केंद्रांची आणि जोडण्यांची संख्या मिळते, ईव्हीगोच्या पत्रकात प्रत्येक खांबामागे रोज सरासरी किती युनिट वीज विकली गेली ते मिळते, आणि माझी पेन्सिल या दुसऱ्या आकड्याखाली रेघ ओढते.