पेट्यातले खडे आणि शिशाचे छर्रे

कोंबडी घरी कापली की पेटा चिरून साफ करताना आई लेकरांना आतले खडे दाखवते. कोंबडीला दात नाहीत. ती बारीक खडे गिळते आणि पेट्यात त्यांचे जाते करून दाणा दळते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रानातले रानकोंबडे, चकोत्री, तित्तर, लावा, मोर हे तिचेच भाऊबंद. तेही खडे टिपतात. बंदुकीचा शिशाचा छर्रा मातीत पडला, तर पाखराला तो खडाच वाटतो. पेट्यात तो दळला जातो, आंबट रसात विरघळतो आणि रक्तात उतरतो. पाखरू अन्न सोडते, पंख लोंबू लागतात आणि ते कुठल्याशा झुडपाखाली मरते. छर्रा अंगाला न लागताच मेलेले हे पाखरू कुणाच्या हिशेबात येत नाही.

युरोप-अमेरिकेत यावर कित्येक वर्षे वाद चालला. एका काडतुसात सुमारे ३० ग्रॅम शिसे, म्हणजे अडीचशेच्या वर छर्रे. पाखराला लागतात त्यातले मोजके, बाकीचे रानात. अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला देशभर बंदी केली, पण डोंगर-माळावरची पाखरे त्यातून सुटून गेली. शिकाऱ्यांची तक्रार अशी की पोलादी छर्रे महाग आणि जुन्या बंदुका त्याने खराब होतील. डेन्मार्कने १९९६ मध्ये सगळ्याच शिकारीतून शिशाचे छर्रे काढले. तिथली शिकार काही बंद पडली नाही. ब्रिटनमध्ये मात्र ग्राउज आणि फेझंट मारणाऱ्यांच्या संघटनांनी २०२० साली शब्द दिला, की पाच वर्षांत आम्ही आपणहून शिसे सोडतो. मुदत सरत आली तरी बाजारातल्या तपासलेल्या बहुतेक फेझंटमध्ये शिसेच निघाले. शेवटी जुलै २०२५ मध्ये सरकारलाच बंदीचा निर्णय जाहीर करावा लागला. बड्यांनी आपणहून दिलेला शब्द किती टिकतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको!

आपल्याकडे खरे तर हा वाद उरूच नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि परवाना काढून शिकार करण्याची सोयही गेली. भीमाशंकर तर १९८५ पासून अभयारण्य आहे. तरी सह्याद्रीत चोरटी शिकार पुरती थांबलेली नाही. ती गुन्हा आहेच, पण त्या मटणाचे काय? छर्रे वेचून टाकले तरी शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात राहतात. चिंच, आमसूल घालून रस्सा केला, तर शिसे त्यात आणखी उतरते. मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शिसे लहान मुलाचे शरीर शोषून घेते आणि त्याचा पहिला घाव मेंदूवर पडतो. किती शिसे चालेल? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सुरक्षित असे प्रमाणच माहीत नाही.

आणि शिसे फक्त बंदुकीतच असते असे नाही. डिंभ्याच्या पाण्यात जमिनी गेलेल्या आदिवासी कुटुंबांनी त्याच पाण्यावर मासेमारी उभी केली. 'शाश्वत' संस्थेच्या त्यांच्याबरोबरच्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अभिमानाची गोष्ट! पण जाळे तळाला बसावे म्हणून त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या लावण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. ब्रिटनमध्ये गळाची शिशाची लहान वजने गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आली.

शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे घरच्या चुलीवरही. म्हणून गोळ्या ओतण्याचे काम घरात करू नये. पोटुशी बाई आणि लहान मुले असतील तिथे तर मुळीच नको. गोळी दाताने दाबून दोरीला बसवू नये, पोरांना खेळायला देऊ नये. जाळे आवरल्यावर हात साबणाने धुवून मगच भाकरीला लावावा. नवे जाळे करायचे असेल तर भाजलेल्या मातीची किंवा लोखंडाची वजनेही चालतात.