गटातील निर्णयप्रक्रिया : बहुमत आणि सहमती

बैठकीत मतभेद झाला की आपण हात वर करायला सांगतो. ज्या बाजूला हात अधिक, त्या बाजूचा निर्णय. ही पद्धत सोपी व जलद आहे. परंतु हरलेल्यांनाही तोच निर्णय अमलात आणायचा असतो, आणि खरी अडचण तेथे सुरू होते. सहमतीने निर्णय कसा घेता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सहमती म्हणजे काय?

एकमत आणि सहमती यांत फरक आहे. एकमतात सर्वांचे मत सारखे असते. सहमतीत मते भिन्न असू शकतात. मात्र प्रत्येकाचा आक्षेप ऐकून घेतलेला असतो आणि झालेला निर्णय पाळण्यास प्रत्येक जण तयार असतो.

मेंढा (लेखा) गावाचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव. देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने ग्रामसभेचे निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची पद्धत रुजविली. एखाद्याचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो व त्यावर पुन्हा चर्चा होते.

यामागे व्यवहार आहे. जंगल राखण्याचा नियम बहुतेकांनी मान्य केला, पण दोन घरांनी कुऱ्हाड चालविली, तर नियमाला अर्थ उरत नाही. जेथे प्रत्येकाचे सहकार्य लागते, तेथे प्रत्येकाची संमतीही लागते.

या गावाची दुसरी महत्त्वाची रचना म्हणजे अभ्यासगट. येथे माहिती मिळवायची, प्रश्न विचारायचे, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचे. निर्णय मात्र घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेतच होतो. त्यामुळे अभ्यासगटात कोणाला जिंकायचे नसते आणि मत बदलणे कमीपणाचे वाटत नाही.

वनहक्क कायदा, २००६ अन्वये या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

मर्यादा

सहमतीला वेळ लागतो. एकाच व्यक्तीच्या हट्टाने काम अडू शकते. याहून मोठा धोका मौनाचा आहे. वरिष्ठांसमोर कनिष्ठ गप्प बसतात आणि अध्यक्ष "सर्वांना मान्य" अशी नोंद करतात. ही सहमती नव्हे. तसेच आग लागली असता किंवा यंत्र बिघडले असता चर्चा करीत बसता येत नाही. तेथे जबाबदार व्यक्तीनेच निर्णय घ्यावा.

वर्गातील उपयोग

आपल्या उद्यमबाग परिसरातील फाउंड्री व मशीन शॉपमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे कामगार एकत्र काम करतात. आपले विद्यार्थी उद्या तेथेच जाणार आहेत. समजा, प्रात्यक्षिकाच्या पाळ्या ठरवायच्या आहेत. शिक्षकांनी पुढील क्रम अवलंबून पाहावा :

१. पहिल्या तासात केवळ माहिती व अडचणी मांडाव्यात, निर्णय नको.
२. प्रत्येकाला आपल्या भाषेत बोलू द्यावे. सर्वांत कमी बोलणाऱ्यापासून सुरुवात करावी.
३. "कोणाला मान्य आहे?" याऐवजी "कोणाला काय अडचण आहे?" असे विचारावे.
४. आक्षेपानुसार प्रस्तावात दुरुस्ती करावी.
५. निर्णय ठराविक मुदतीसाठी घ्यावा व नंतर फेरविचार करावा.

समारोप

मतमोजणीने प्रश्न लवकर मिटतो, पण माणसे दुरावू शकतात. पाळी बदलल्यामुळे ज्या विद्यार्थिनीची शेवटची बस चुकणार आहे, तिची अडचण हात मोजून कळत नाही; विचारल्यावरच कळते. ते विचारण्याची सवय वर्गात लागली, तर ती पुढे कारखान्यात व गावातही उपयोगी पडेल.